मावशी, जरा बाजूला व्हा

२०२५ चा जुलै. गोदीत दुपारच्या जेवणाची सुट्टी. बाहेर पाऊस, आणि शेडच्या पत्र्याखाली आम्ही सात-आठ जण डबे उघडून बसलेलो. एकानं मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली. विषमता कमी असलेल्या देशांत भारत जगात चौथा! सरकारनंच तसं पत्रक काढलेलं. आपल्या पुढं फक्त स्लोवाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. अमेरिका मागं, चीन मागं. आधी कुणी काही बोललं नाही. मग सगळे एकदमच हसले. आमच्यातला एक केस पिकलेला गडी तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "चौथा तर चौथा. मग ठेकेदाराला सांगा की, आता आम्हाला पण त्याच्याएवढंच दे."

सुट्टी संपली. पुन्हा गोण्या. पण ती बातमी काही डोक्यातून जाईना.

मी लासलगावचा. दहावी पास. आमचा आजा त्याला मॅट्रिकच म्हणायचा आणि चारचौघांत छाती फुगवायचा. न्हावा-शेव्याला कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो. कधी खत, कधी मशिनींचे खोके, कधी आमच्याच गावाकडचा कांदा. रात्री जमलं तर कविता लिहितो. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. पण मी बाजाराच्या गावात वाढलो. वजन कसं करतात ते मला कळतं, आणि काटा कुठं मारतात तेही कळतं. तेवढ्या भांडवलावर हा लेख लिहितोय.

आधी त्या चौथ्या नंबराचं बघू. त्याच्या मागं एक आकडा आहे, त्याला गिनी म्हणतात. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं. शंभर म्हणजे सगळं एकाच्याच घशात. जागतिक बँकेच्या कागदात भारताचा गिनी २०११-१२ साली २८.८ होता, तो २०२२-२३ साली २५.५ झाला. अमेरिकेचा ४१.८, चीनचा ३५.७. सरकारनं हे आकडे शेजारी-शेजारी मांडले आणि ढोल बडवला.

आता काटा कुठं मारलाय बघा. भारताचा आकडा खर्चावरून काढलेला. म्हणजे माणूस महिन्याला खातो किती, कपडालत्ता, औषधपाणी, भाडं यावर घालवतो किती, यावरून. अमेरिकेचा आकडा कमाईवरून काढलेला. लासलगावच्या यार्डात ट्रॅक्टरची ट्रॉली आधी भरलेली तोलतात आणि मग रिकामी तोलतात. इथं काय केलं, तर त्यांची ट्रॉली भरलेली तोलली, आपली रिकामी तोलली, आणि म्हणाले, बघा, आमची हलकी!

खर्च आणि कमाई यांत फरक काय, असं कुणी शहाणा विचारील. त्याला खळ्यावर घेऊन या. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं आवार. लिलावात घेतलेला कांदा तिथं येऊन पडतो, बायका तो निवडतात, गोण्या भरतात. खळ्याचा मालक जेवतो, कांदा निवडणारी बाई पण जेवते. मालक काही शंभर पट भाकऱ्या खात नाही, पोट त्यालाही एकच. पण खाऊन-पिऊन उरतं त्याचं काय? मालकाचं उरतं त्याचा प्लॉट होतो, शेअर होतो, पोराच्या परदेशातल्या कॉलेजची फी होते. बाईचं उरतच नाही, उलट किराणावाल्याकडं उधारी चढते. आणि ती उधारी पण खर्चातच धरली जाते! खर्च मोजला तर दोघांत अंतर दोन हाताचं. कमाई मोजली तर कोसभराचं. मालमत्ता मोजायची म्हटली तर दोरीच पुरायची नाही. शिवाय बड्यांच्या सोसायटीत सर्व्हेवाल्याला वॉचमनच आत सोडत नाही. आमच्या वस्तीत मात्र कुणीही येतो, कुठंही बसतो, काय वाट्टेल ते विचारतो.

हे मी पदरचं सांगत नाही. जागतिक बँकेच्या त्याच कागदात पुढं लिहिलंय की माहितीच्या मर्यादेमुळं विषमता असेल त्यापेक्षा कमी दिसत असावी. त्याच कागदात जागतिक विषमता डेटाबेसचा हवाला देऊन लिहिलंय की कमाईचा गिनी २००४ साली ५२ होता, तो २०२३ साली ६२ झाला. बासष्ट! सरकारी पत्रक लिहिणाऱ्याला २५.५ दिसला आणि त्याच कागदावरचा ६२ दिसला नाही. थोमा पिकेटी आणि त्याच्या सोबतच्या अभ्यासकांनी २०२४ साली आकडे मांडले. २०२२-२३ साली देशातल्या वरच्या एक टक्का माणसांकडं देशाच्या कमाईतला २२.६ टक्के वाटा होता आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. इंग्रजांच्या राज्यातसुद्धा एवढी तफावत नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

तर सरकारचा काटा सापडला. सरकारला शिव्या घालून आपण आता घरी जाऊ शकतो. पण दोस्तांनो, मला इथं थांबायचं नाही. कारण काटा फक्त सरकारच मारतं असं नाही. विषमतेवर जे कळवळून बोलतात, लिहितात, मोर्चे काढतात, त्यांच्याही काट्यात खोट आहे. आणि ती मला माझ्या आईमुळं कळली.

२०२३ चा ऑगस्ट. केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवलं. लासलगाव पेटलं. लिलाव बंद. मी तेव्हा चार दिवस घरी आलेलो. लासलगाव पेटलं की तिकडून टीव्हीच्या गाड्या येतात. कांद्याची आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणतात आमच्या गावाला, त्याचा आम्हाला हाच एक फायदा. एक पत्रकार खळ्यावर आला. वाहिनीचं नाव सांगत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी. आधी शेतकऱ्याला बोलतं केलं. मग व्यापाऱ्याला. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, आता मुंबईच्या गृहिणी काय म्हणतात ते ऐकू. मागं माझी आई कांद्याच्या ढिगाशी बसलेली. सडका एकीकडं, दुभाळका एकीकडं, चांगला एकीकडं. पत्रकार मागं वळून म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

आई उठली, पदर सारखा केला आणि बाजूला झाली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या मात्र टाळक्यात गेलं. गेलं हे खरं, पण मी पण काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

त्या दिवसापासून मी विषमतेवरचा कुठलाही लेख वाचला, भाषण ऐकलं की एकच बघतो: यात कुणाला बाजूला व्हायला सांगितलंय?

कांद्याचंच बघा. कांद्यानं सरकारं पाडली म्हणतात. १९८० च्या लोकसभेत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावाचा मुद्दा केला, १९९८ साली दिल्लीतलं भाजपचं राज्य कांद्याच्या भावात गेलं. १९८० सालीच नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं मोठं आंदोलन झालं, रस्ते अडले, रेल्वे अडल्या, गोळीबारात माणसं गेली. शरद जोशींनी 'भारत विरुद्ध इंडिया' अशी मांडणी केली. शहर खेड्याला लुटतं, हे त्यांनी देशाला ऐकायला लावलं. मोठं काम होतं, मी ते नाकारत नाही. शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. २०१८ साली आमच्या निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं साडेसात क्विंटल कांदा विकला, हातात आले १,०६४ रुपये. त्यानं ते मनिऑर्डरनं पंतप्रधानांना पाठवून दिले. मनिऑर्डरचे पैसे वर. असा अपमान ज्यानं गिळलाय त्याच्यावर मी हसणार नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत चालली. तेव्हा शेतात पिकवणाऱ्याच्या डोळ्यांत आलं ते पाणी कांदा चिरल्याचं नव्हतं.

पण 'भारत विरुद्ध इंडिया' या भांडणात आमचा वाडा कुठं होता? तो भारतात होता की इंडियात? भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, असं आम्हाला सांगितलं गेलं. कांद्याला भाव मिळालेली वर्षं पण आम्ही बघितली. तेव्हा गावात नवे ट्रॅक्टर आले, बंगल्यांवर दुसरे मजले चढले. आईची हजेरी वाढायला मात्र दर खेपेला बायकांना काम बंद ठेवून बसावं लागलं. आपोआप काहीच वाढलं नाही. आपोआप फक्त उधारी वाढते.

आणि २०२४ चा एप्रिल आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत पुन्हा लिलाव बंद पडले. या वेळी कारण भाव नव्हतं, शुल्क नव्हतं. कारण होतं हमाली, तोलाई आणि वाराई. शेतकऱ्याच्या पट्टीतून हे पैसे कापायचे की नाही, आणि माथाडींची लेव्ही कुणी भरायची. व्यापारी म्हणे आम्ही का? शेतकरी म्हणे आम्ही का? दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आपण नाही द्यायचे. रोज पेपरात बातमी. शब्द कोणता, तर 'कपात'. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन फळीवर चढणारा माणूस बातमीत आला तो माणूस म्हणून आला नाही, कपात म्हणून आला. ज्या माथाडी कायद्याच्या जोरावर हे हमाल उभे आहेत तो १९६९ चा. तो मिळवायला अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी, पुण्यात हमाल पंचायतीच्या बाबा आढावांसारख्यांनी आयुष्यं घातली. हमालांत सगळ्या जातींचे गरीब आहेत, मराठे आहेत, वंजारी आहेत, आपले आहेत. त्यांचं नाव निदान कपातीच्या रकान्यात तरी आलं. निवडणाऱ्या बायकांचं तिथंही आलं नाही. त्या भांडणात सुद्धा त्या फ्रेमच्या बाहेर. लिलाव बंद तेवढे दिवस चूल कशावर पेटली, हे कुणीही विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही पण पिकवा ना कांदा. पिकवू की. जमीन आणा. महार वतन १९५८ च्या कायद्यानं संपलं. बरं झालं, ती गुलामीच होती, बाबासाहेबांनी १९२८ पासून त्याविरुद्ध झगडा मांडलेला. पण जमीन? दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात जो माणूस पुढं होता, तोच माणूस १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह घेऊन उठला, आणि पुन्हा १९६४ साली देशभर. लाखो माणसं तुरुंगात गेली. देवळाच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत हा एकाच माणसाचा प्रवास आहे, हे ध्यानात घ्या. देव नको, सातबारा द्या, इथपर्यंत आपली माणसं पोचली होती. आज विषमतेवर परिसंवाद होतात त्यांत सातबाऱ्याचं नाव निघत नाही. गायरान कसणाऱ्याला अजून अतिक्रमणवाला म्हणतात.

जात कुठं राहिली आता, असं शहरातले मित्र म्हणतात. त्यांना मी चहाच्या कपाची गोष्ट सांगतो. आजीच्या वेळेला खळ्यावर आमच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा असायचा, कोनाड्यात पालथा घातलेला. आईला तसा कप नाही. आता सगळ्यांनाच कागदी कप. मालकाला पण, आईला पण. पिऊन फेकून द्यायचा. जात गेली? अरे, कागदी कपानं जात घालवली नाही, नुसती दिसायची बंद केली. ढिगाशी खाली बसणाऱ्या बायका कुठल्या वस्तीतल्या, काट्यापाशी वही घेऊन खुर्चीत बसणारा कुठल्या आळीतला, हे आजीच्या वेळचंच आहे. कप बदलला, खुर्ची बदलली नाही. आणि जे दिसत नाही त्यावर बोलणार कोण? उलट बोलणाऱ्यालाच म्हणतात, तुम्हीच जात जिवंत ठेवता.

आता जरा जगाकडं बघू. २०११ साली अमेरिकेत वॉल स्ट्रीटवर पोरं बसली, म्हणाली, आम्ही ९९ टक्के. घोषणा जगभर गेली. झक्कास घोषणा. दरवर्षी जानेवारीत डावोसला धनदांडगे जमतात, त्याच सुमाराला ऑक्सफॅमचा अहवाल येतो, वरच्या मूठभरांकडं किती आणि खालच्यांकडं किती. पेपरात दोन दिवस चालतं. मला त्या घोषणेशी भांडण नाही. पण त्या ९९ टक्क्यांत कोण-कोण आहे? वीस एकरवाला बागायतदार आहे, खळ्याचा मुनीम आहे, कॉलेजचा प्राध्यापक आहे आणि माझी आई आहे. एकाच गोणीत सगळे. गोणी भरताना मोठा कांदा वर ठेवतात आणि चिंगळी खाली दडपतात, हे मी स्वतःच्या हातांनी केलंय. तेव्हा ९९ टक्क्यांची गोणी उघडून तळ दाखवा, मग मी घोषणेत आवाज मिसळतो.

आणि आपलं सरकार जगापुढं काय करतं? ही गोष्ट प्रत्येक पोरानं पाठ करावी. १९४६ साली भारतानं संयुक्त राष्ट्रसंघात तक्रार नेली, दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना रंगावरून वाईट वागवतात म्हणून. दक्षिण आफ्रिकेचं सरकार काय म्हणालं? हा आमचा घरचा मामला आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. भारत म्हणाला, छे, माणुसकीचा प्रश्न घरचा नसतो. बरोबर बोलला भारत. आता वर्ष २००१. गाव डर्बन, तीच दक्षिण आफ्रिका. वंशभेदाविरुद्ध राष्ट्रसंघाची जागतिक परिषद. आपल्या देशातले दलित कार्यकर्ते तिथं गेले, म्हणाले, जातीचं पण बोला. आणि भारत सरकार काय म्हणालं? जात म्हणजे वंश नाही, आणि हा आमचा घरचा मामला आहे! पंचावन्न वर्षांत दक्षिण आफ्रिका सुधारली आणि आपण तिची जुनी खुर्ची पटकावून बसलो. परिषदेच्या अंतिम ठरावात जात हा शब्द आला नाही. जगाच्या स्टेजवर आपल्याला सांगितलं गेलं, मावशी, जरा बाजूला व्हा.

पण ते दडपून राहिलं नाही. २००२ साली राष्ट्रसंघाच्याच वंशभेदविरोधी समितीनं स्पष्ट केलं की जन्मावरून होणारा भेद यात जात येते. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिएटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. ठराव मांडणारी क्षमा सावंत, जन्म पुण्यातला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नरनं ऑक्टोबरमध्ये ते परत फिरवलं. म्हणे आधीच्या कायद्यांत हे येतंच. त्या विधेयकाला विरोध करायला कोण उभे होते? तिकडं गेलेले आपल्याच देशातले शिकलेसवरलेले लोक. गोऱ्यानं रंगावरून हिणवलं तर यांना विषमता कळते. २०२० साली अमेरिकेत पोलिसानं गुडघ्याखाली काळ्या माणसाचा जीव घेतला, तेव्हा आपल्याकडच्या सिनेमावाल्यांनी पण काळे चौकोन लावले. चांगलं केलं. पण २००६ साली आपल्याच भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं तेव्हा पहिल्या बातम्यांत काय होतं? अनैतिक संबंध! लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठं महिन्याभरानं पेपरांना जात दिसली. आणि कोर्टात अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं टिकली नाहीत. दूरची विषमता दुर्बिणीतून दिसते, दारातली उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

बाबासाहेबांनी १९४६ सालीच अमेरिकेतल्या ड्युबॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं होतं. तिकडचे निग्रो लोक राष्ट्रसंघाकडं अर्ज करताहेत असं कळलं, त्याची प्रत मागवली. अस्पृश्यांनी पण तसं करावं का याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्युबॉईसनं सहानुभूतीचं उत्तर धाडलं. म्हणजे जगाशी बोलायची रीत आपल्याला कुठल्या एनजीओनं शिकवलेली नाही. १९७२ साली मुंबईत पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. आपण जगाचे नातलग आहोत. फक्त नातं आपल्या तोंडानं सांगायचं.

आणि घरचं उत्तर तर आमच्या शेजारीच मिळालेलं. लासलगावहून गाडीत बसलं की जरा वेळानं मनमाड येतं. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब तिथं बोलले. कामगाराचे शत्रू दोन, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, असं त्यांनी सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसं नव्हे, तर समता-स्वातंत्र्य-बंधुत्व नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्या जातींत शिरलेली आहे, हेही सांगितलं. उदाहरणं पोटापाण्याची दिली. गिरणीत कापड खात्यात आपल्या माणसाला घेत नाहीत. रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. साधा पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरनं स्टेशनमास्तरच्या घरचं काम पण करायचं असतं, आणि घरात बाट होतो! मी गोणी उचलतो. त्या काळी हमालीलासुद्धा जात आडवी येत होती, हे वाचलं तेव्हा माझे खांदे दुखले.

मनमाडचं ते भाषण म्हणजे आजच्या सगळ्या विषमता-चर्चेला लावायची फूटपट्टी आहे. जागतिक बँकवाला खिसा बघतो, जात बघत नाही. डावा मित्र वर्ग बघतो, जातीचं काढलं की म्हणतो फूट पाडू नका. शेतकऱ्यांचा पुढारी गाव बघतो, गावातला वाडा बघत नाही. सगळे अर्धंच बघतात.

आणि आपण? आता कडू बोलतो, राग मानू नका. आपण पण अर्धंच बघतो. आपण अपमान बघतो, मजुरी बघत नाही. १४ एप्रिलला डीजेची सुपारी किती हे आपल्या प्रत्येक मंडळाला ठाऊक असतं. खळ्यावर निवडणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळतात, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि बाईचं तर बोलूच नका. स्टेजवर रमाई, जिजाऊ, सावित्री, आणि खुर्च्यांवर सगळे पुरुष. मी माझ्याच कवितांच्या वह्या काढून बघितल्या. आईवर अकरा कविता. सगळ्यांत ती राबते, झिजते, सोसते. एकीतही ती काही बोलत नाही. मी पण तिला फ्रेममध्ये घेतलंच नव्हतं, नुसता फोटो काढला होता.

मग या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आई, त्या टीव्हीवाल्यानं तुला विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

ती म्हणाली, "मला काय विचारतो तो? त्याला कांद्याचा भाव पायजे होता." मग जरा थांबून म्हणाली, "सांगितलं असतं की दुपारी दोन वाजता संडासला जायला आडोसा नाही. आणि सडक्याच्या वासानं डोकं धरतं. आणि पोती भरल्यावर मोजणी मालकाचा माणूस करतो, आमची मोजणी कुणी धरत नाही."

बघा. गिनी म्हणजे काय हे तिला माहीत नाही. पण मोजणी कोण करतो हा प्रश्न तिनं एका दमात विचारला. माझा हा सगळा लेख तेवढ्याचसाठी आहे. विषमता किती हा नंतरचा प्रश्न. ती मोजतो कोण, हा पहिला.

१९३१ नंतर या देशानं जनगणनेत सगळ्यांची जात मोजली नाही. आपली मोजत राहिले, वरच्यांची कधीच नाही. जणू जात फक्त आपल्यालाच असते! ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजणार. मोजा. पण नुसती डोकी मोजून काय करायचं? जातीच्या रकान्याशेजारी जमिनीचा रकाना पाहिजे, कामाचा पाहिजे, मजुरीचा पाहिजे. कोण खुर्चीत आणि कोण ढिगाशी, हे एका ओळीत दिसलं पाहिजे. नाहीतर पुन्हा रिकामी ट्रॉली तोलल्यासारखं व्हायचं.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. मी सुचवतो ते साधं आहे. शंभर पानी वही घ्या. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, येवला, मनमाड, जिथं आपली पोरं आहेत तिथं खळ्याखळ्यावर जा. निवडणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, वस्ती, किती वर्षं काम, किती तास, किती हजेरी, संडास आहे की नाही, दुखणं-खुपणं काय, लिहून काढा. बायकांच्या तोंडून, बायकांना विचारून. लिहिणाऱ्यांत पोरी पाहिजेत, नुसती पोरं नकोत. माथाडी कायद्यात चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वजन-माप करणं यांबरोबर त्या कामाच्या आधीची आणि त्याला जोडून येणारी कामं पण धरली आहेत. मग कांदा निवडल्याशिवाय गोणी भरते का? गोणी भरल्याशिवाय हमाल ती उचलतो का? निवडणं हे जोडून येणारं काम नाही तर काय आहे? ही वही घेऊन माथाडी मंडळाच्या दारात जायचं आणि म्हणायचं, नोंद करा. हमाल बांधवांना पण सोबत घ्यायचं, त्यांची जात न विचारता. दुसऱ्या शत्रूशी लढताना पहिला शत्रू मधे आला तर त्यालाही तिथंच गाठायचं.

आमच्या वहीत सध्या सतरा नावं आहेत. पहिलं आईचं. सही करायला ती अडखळली, पण अंगठा लावायचा नाही म्हणाली.

पुढच्या वेळी कांद्याचा भाव पडेल किंवा चढेल, टीव्हीच्या गाड्या पुन्हा येतील. कुणीतरी पुन्हा म्हणेल, मावशी, जरा बाजूला व्हा. तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी तिथं उभं असावं, वही हातात असावी. आणि मी जसा गप्प राहिलो तसं त्यानं राहू नये.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला एका माणसानं सांगितलं होतं की जन्मानं जे मिळालं त्यात मी मरणार नाही. आम्ही त्याच रस्त्यावरचे.

वह्या पाठवा. वाट बघतोय.

जय भीम!